टक्कर पवईच्या बाथरूमशी

काम तीन दिवसांचं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नायतर पुढचं ऐकून वाटेल की मुलुंड पूर्वेला कुणी धरण बांधायला घेतलं होतं. संडासातलं जुनं भांडं काढायचं, कमोड बसवायचा, आजूबाजूला चार लाद्या मारायच्या, खेळ खल्लास. रत्नाकाकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनी उकिडवं बसायला बंदी घातली, आणि रामेश्वर कृपा सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर धुरींच्या घरात होता तो जुना संडास. बिल्डिंग बांधली तेव्हापासूनचा. त्यामुळे काकी हॉस्पिटलातून थेट लेकीकडे गेल्या, पवईला. गाडीत बसताना नवऱ्याला, काशीकाकांना बोलल्या, "कमोड बसलो की सांगा."

काका बोलले, "तीन दिवस."

आणि तिथेच थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण पहिल्या रविवारी काका कुळथाची पिठी घेऊन पवईला गेले. लेक मनाली बोलली, "बाबा, आधी हात धुवून या ना." काका आत गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

आत एक काचेचं कपाट होतं, माणूस उभा राहील एवढं. आंघोळ त्या कपाटात करायची म्हणे. नळ उजवीकडे फिरवला तर थंड, डावीकडे फिरवला तर गरम, आणि ते पण लगेच, गिझर लावून वाट बघत बसायची भानगड नाही. खिडकीतून तलाव दिसत होता. आता मला सांगा, संडासात बसून माणसाला तलाव कशाला बघायचाय? पण दिसत होता. कमोड तर असा पांढरा की त्यावर बसायच्या आधी चप्पल काढावीशी वाटावी.

बाहेर आले तर काकी जावयासमोर हसून बोलल्या, "न्हाणीघर बघलात काय? माका तर आत गेल्यावर भायर येवकच नको वाटता."

बायको हे सहज बोलली. बायका दिवसभरात असं शंभर गोष्टींबद्दल बोलतात. पण काशीकाकांना ते कुठे लागलं ते त्यांनाच माहीत. जावई चैतन्य काहीतरी विचारत होता, काका हं हं करत होते. चाळीस वर्षं ह्या बाईने त्यांच्या घरी उभं राहिलं तर कोपर भिंतीला लागेल अशा मोरीत, पाणी जायच्या आत, अर्ध्या बालदीत आंघोळ उरकलेली. कधी चकार शब्द काढला नव्हता. आणि आता बोलते, भायर येवकच नको वाटता. परत येताना बसमध्ये काकांनी ठरवून टाकलं, की नुसता कमोड लावून हिला आणायची नाय. आणायची तर अशी आणायची की पवई विसरली पाहिजे.

वाट लागली ती इथून.

सोमवारी बाळा मिस्त्री आला. बाळा म्हणजे त्यांच्याच गावचा, कणकवलीकडचा. प्लंबिंग, लादीकाम, रंगकाम, सगळं करतो, फक्त वेळेवर येत नाही. फोन केला की "पोचलोच, दहा मिनटं" सांगतो, आणि तेव्हा तो भांडुपला कुणाच्या तरी माळ्यावर असतो. पण त्या दिवशी नेमका आला, आणि आल्या आल्या हातोडा घेऊन जुनं भांडं फोडून टाकलं. "काका, आता मागे फिरूचा नाय," असं बोलून जेवायला गेला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवला.

आता घरात संडास नाही. माणसाने करायचं काय? सोसायटीत राहायचं म्हणजे एक रीत असते. एखाद्याच्या घरी लादीकाम निघालं की शेजारी म्हणतो, आमच्याकडे या ना, लाजता काय. सगळेच म्हणतात. पण रोज एकाच्याच दारात गेलं की तो माणूस चौथ्या दिवशी आतून "कोण" असं जरा लांबट विचारायला लागतो. म्हणून पाळीपाळीने जायचं. आज समोर, उद्या वर, परवा खाली. काशीकाका रोज सकाळी पांढरा सदरा घालून, केस विंचरून, खांद्यावर टॉवेल टाकून निघायचे. केस विंचरून संडासला जाणारा रामेश्वर कृपातला हा पहिलाच माणूस. जिन्यात दूधवाला भेटला तर काका टॉवेल काढून घडी करून काखेत धरायचे, जसं काय कोर्टात कागद न्यायचेत.

आणि गेलं, झालं, निघालं, असं होत नाही ना. बाहेर आलं की चहा. चहा नाही घेतला तर तो माणूस नुसता संडाससाठी आला होता असं दिसतं. आणि चहा म्हटला की सल्ला. सल्ला देणाऱ्याचं काय जातं, त्याचा संडास शाबूत असतो.

समोरच्या माधुरीताई गजभिये. मूळच्या नागपूरकडच्या, विमा कंपनीत साहेब आहेत, घरात बुद्धाची सुंदर मूर्ती आणि एकही वस्तू वाकडी नाही. त्यांच्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा त्यांनी बाथरूममध्ये दोन स्टीलच्या दांड्या बसवून घेतलेल्या. काकांनी त्या दांड्या धरून बघितल्या. उठायला खरंच बरं पडत होतं.

"धुरीकाका, काकूंसाठी दांडी पाहिजेच," माधुरीताई बोलल्या. "आणि लादी खरबरीत घ्या. चकचकीत घेतली अन् पाय सरकला तर दुसरा गुडघा जाईल."

"बरोबर बोलतेस," काका बोलले. घरी येऊन बाळाला सांगितलं, दांडी. कमोडच्या उजव्या हाताला, भिंतीवर.

दुसऱ्या दिवशी वर, चौथ्या मजल्यावर राजेशकडे. राजेशचं मोबाईलचं दुकान आहे आणि जगातल्या सगळ्या वस्तूंवर त्याचं मत आहे. त्याने कितीतरी वर्षांपूर्वीच पूर्ण बाथरूम नवीन केलेलं. पाईप एकपण दिसत नव्हता, सगळे भिंतीच्या आत. वरून ताटाएवढा शॉवर.

"काका, संडास वेगळा आणि मोरी वेगळी, हे आता कोण ठेवतं यार," राजेश बोलला. "मधली भिंत पाडा. एकदम मोठं दिसेल. आणि कमोड भिंतीवर टांगलेला घ्या. खालून झाडू फिरतो."

"टांगलेलो?" काकांनी विचारलं. "आणि ती बसली नि निखळलो तर?"

"दोनशे किलो वजन घेतो काका."

"मी तिका टांगलेल्यावर बसवचंय नाय," काका बोलले, आणि ह्या एका गोष्टीवर ते शेवटपर्यंत हलले नाहीत. पण मधल्या भिंतीचं त्यांच्या डोक्यात बसलं. पवईला भिंत नव्हती ना मध्ये.

तर भिंत पाडली. बाळाने एका दुपारी पाडली, कारण पाडायचं काम असलं की बाळा वेळेवर येतो. संध्याकाळी सगळी धूळ बसली आणि काका बघतात तर माधुरीताईंची दांडी ज्या भिंतीवर लागायची होती ती हीच भिंत.

"तुमीच सांगलात पाड," बाळा बोलला.

"दांडी पण मीच सांगलेली ना?"

"दांडी मंगळवारी सांगलात. भिंत बुधवारी. मी बुधवारचा ऐकलंय."

मग भिंत परत बांधायची ठरली, पण अर्धी. कमरेएवढी. पाडायचे पैसे वेगळे, बांधायचे वेगळे, आणि पाडलेला माल गोण्यांत भरून खाली न्यायचे त्याहून वेगळे, कारण लिफ्टमधून गोण्या न्यायला सोसायटीत बंदी. सुरुवातीला सगळा खर्च एका चांगल्या मोबाईलएवढा होता. दांडी आणि लादीने तो फ्रीजएवढा झाला. भिंत पडली आणि परत उभी राहिली तेव्हा स्कूटरएवढा. काकांनी मोजणं तिथे सोडलं. लोक विचारतात, बाथरूमचा खर्च कशावर ठरतो, जागेवर का मालावर. कशावर नाही. आज सकाळी तुम्ही कुणाच्या घरी गेलात त्याच्यावर.

रोज संध्याकाळी काकींचा फोन यायचा. नवीन कमोड तोवर आला होता आणि खोक्यातून काढून हॉलमध्ये टीव्हीसमोर ठेवला होता, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. बेडरूममध्ये पलंगावर काकींच्या बाजूला लाद्यांचे बॉक्स रचलेले. खुर्चीवर सिमेंट. म्हणून काका फोन घ्यायला त्या कमोडवरच झाकण टाकून बसायचे.

काकी विचारायच्या, "झाला काय?"

काका म्हणायचे, "झालाच. चार दिस."

"जेवलात?"

"होय."

चाळीस वर्षांत ही दोघं फोनवर कधी बोललेलीच नव्हती, एका घरात राहणारी माणसं फोनवर कशाला बोलतील. काकांना सांगायचं असायचं की पिठीला तुझ्यासारखी चव नाही येत, की रात्री कूस बदलली की हाताला खोका लागतो. पण असं काही बोलायची सवय नव्हती. ते विचारायचे, "थय पाणी येता ना बरोबर?"

"पाणी चोवीस तास," काकी म्हणायच्या.

आणि काका फोन ठेवून बाळाला फोन लावायचे. पोचलोच, दहा मिनटं.

रविवार आले, गेले. काका पवईला गेले नाहीत. जाऊन सांगायचं काय? नखात सिमेंट, अंगाला चुन्याचा वास, आणि बाथरूमच्या जागी खड्डा. मनालीने फोन केला, "बाबा, येताय ना?" तर काका बोलले, "काम जोरात चाललाहा." जोरात कसलं. बाळाच्या मावसभावाचं लग्न होतं.

तेवढ्यात शॉवरने घोळ घातला. राजेशच्या घरी तो ताटाएवढा शॉवर बघितल्यापासून काकांना तो सोडवत नव्हता. पवईच्या शॉवरपेक्षा हा मोठा होता, काकांनी वितीने मापलेला. दुकानात गेले, घेतला. घरी आणल्यावर बाळाने सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर पाण्याला एवढा जोर नाही, ताटातून थेंब थेंब पडेल, पंप लावायला लागेल. पंप लावायचा तर सोसायटीची परवानगी. परवानगी म्हणजे सेक्रेटरी. आणि सेक्रेटरी म्हणजे चंद्रप्रकाश, दुसरा मजला, बरोब्बर काकांच्या खाली.

चंद्रप्रकाश रिटायर झाल्यापासून त्याला दोनच कामं. सोसायटीचे नियम आणि त्याच्या संडासच्या छताचा ओलावा. वरती धुरींचा संडास, म्हणून ओलावा धुरींचा, असं त्याने कितीतरी वर्षं धरलेलं, आणि दर मीटिंगला तो उठून ते बोलायचा. काकांची पाळी त्याच्या घरी असायची तेव्हा काका आत बसून वर बघायचे. पिवळट डाग, भारताच्या नकाशासारखा, श्रीलंकेसकट. आपल्याच घराला असं खालून बघायचं, ते पण दुसऱ्याच्या संडासात बसून. ह्याच्याहून माणसाची इज्जत किती उतरणार? बाहेर आलं की चंद्रप्रकाश चहा देता देता विचारायचा, "बघितलात ना?"

"बघितला."

"वाढलाय ना?"

काका चहाला फुंकर घालायचे. त्याचाच चहा हातात, त्याच्याच घरात जाऊन आलेले.

पंपाचं विचारल्यावर चंद्रप्रकाश एकदम खुर्चीत सरळ बसला. "परवानगी देऊ. पण आधी वॉटरप्रूफिंग पक्कं करा. मग खाली पाणी भरून ठेवा, जमीन बुडेल एवढं. मी माझ्या छतावर नजर ठेवतो. एक थेंब जरी आला तर लादी बसणार नाही."

तसं केलं. जुनी लादी सगळी उखडली, काळं औषध फासलं, पाणी जायची तोंडं बंद करून पाणी भरलं. चंद्रप्रकाश त्याच्या संडासात स्टूल टाकून टॉर्च घेऊन बसला. त्याच्या घरच्यांना माधुरीताईंकडे जावं लागत होतं, म्हणजे आता माधुरीताईंच्या दारात रांग. दुपारपर्यंत थेंब नाही. संध्याकाळी नाही. चंद्रप्रकाशचा चेहरा पडला. माणसाचं घर गळत नाही म्हणून त्याला एवढं वाईट वाटताना कुणी बघितलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तो वर आला, मानेला पट्टा लावून. "थेंब आलाय," बोलला, आणि त्याच्या आवाजात आनंद लपत नव्हता.

काका आणि बाळा आत गेले. खाली पाणी होतं तेवढंच होतं, खडूची खूण केलेली तिथेच. पण लादी काढलेल्या भिंतीवर बाळाने हात फिरवला तर हात ओला. वरून येत होतं. छताच्या कोपऱ्यातून, भिंतीच्या आतल्या आत, काकांच्या घराला नुसता रामराम करून थेट खाली चंद्रप्रकाशकडे. आणि वर कोण? वर राजेश. ज्याचा एकपण पाईप दिसत नव्हता.

"न दिसणारा पाईप असा," बाळा भिंतीकडे बघत बोलला. "गळलो तरी न दिसणारो."

त्यानंतर जिन्यात जे भांडण झालं ते तळमजल्यापर्यंत सगळ्यांनी दारं उघडून ऐकलं. राजेश बोलला माझं काम ब्रँडेड आहे. चंद्रप्रकाश बोलला ब्रँड माझ्या डोक्यावर पडतोय. राजेश बोलला इतकी वर्षं तुम्ही काकांवर बिल फाडलंत तेव्हा नाही कळलं. हा मुद्दा खरा होता, पण तो काकांनी बोलायचा होता, आणि काका दोन पायऱ्यांवर दोघांच्या मधोमध टॉवेल घेऊन उभे. त्या दिवशी वरची पाळी होती. आता वर गेलं तर चंद्रप्रकाश बघणार, खाली गेलं तर राजेश. काका परत फिरले आणि माधुरीताईंची बेल वाजवली. आतून आवाज आला, "कोण," आणि तो जरा लांबट होता.

भांडण मिटेपर्यंत काम बंद, असा सेक्रेटरीने हुकूम काढला. राजेशने पाईप खोलायला नकार दिला. बाळा बोलला, मग मी भांडुपचा काम उरकून घेतंय. हॉलमध्ये कमोड, बेडरूममध्ये लाद्या, कोपऱ्यात ताटाएवढा शॉवर आणि मध्ये काशीकाका. त्यांनी त्या दिवशी भात टाकला आणि मीठ घालायला विसरले. तसाच खाल्ला. मीठ नाही हे सांगायला पण घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. काका कमोडवर बसले. "चार दिस" हे उत्तर त्यांनी तोंडात तयार ठेवलेलं.

काकी बोलल्या, पवईला आज मासळी चांगली मिळाली नाय. मनालीच्या ऑफिसात कोणाचं तरी लग्न आहे. तलावावर कसले तरी काळे पक्षी येतात, पाण्यात बुडी मारतात आणि भलतीकडेच वर येतात. गुडघा आता वळतो. सगळं बोलल्या. काका थांबले होते. आता विचारेल. आता.

"बरा मग," काकी बोलल्या. "ठेवतंय."

"थांब," काका बोलले. "ता विचारलंस नाय तू."

"काय?"

काय सांगणार, की तू रोज विचारतेस ते विचार? "काय नाय," बोलले.

फोन ठेवला. झाकणावर बसूनच राहिले. बाहेर अंधार पडला तरी दिवा लावला नाही. महिना उलटून गेला होता, आणि इतके दिवस ते एका प्रश्नाला घाबरत होते. आता तो प्रश्नच बंद झाला होता. ज्या माणसाला परत यायचंय तो विचारतो, कधी. ज्याला नाही यायचं तो पक्ष्यांचं सांगतो. असा त्यांचा हिशोब झाला. गणितात काका कच्चेच होते.

सकाळी त्यांनी बाळाला फोन केला नाही. ते सरळ भांडुपला गेले. बाळा खरंच तिथे माळ्यावर होता. काकांनी शिडीखाली उभं राहून सांगितलं, "खाली उतर."

"काका, पोचलोच, दहा..."

"उतर म्हणतंय ना."

बाळा उतरला. काका पुढचं सगळं रिक्षात बोलले. कमोड आज बसला पाहिजे. लादी खरबरीत, खाली फक्त, भिंतीला काय नको. शॉवर नको, पंप नको. अर्ध्या भिंतीवर दांडी. राजेशचं पाणी कोपऱ्यातून येतं तिकडे राजेश आणि सेक्रेटरी काय ते बघून घेतील, कमोड ह्या कोपऱ्यात आहे.

"आणि सेक्रेटरीन काम बंद ठेवलाहा ता?"

"त्याका मी सांगतंय."

सांगितलं पण. चंद्रप्रकाश जिन्यात आडवा आला, नियम सांगायला लागला, तर काशीकाका बोलले, "इतकी वर्षं भर मीटिंगमध्ये माझं नाव घेतलंत. एकदा माफी मागायची होती, ती मागितली नाहीत. ती राहू द्या. आज माझा कमोड बसू द्या." आवाज चढवला नाही. चंद्रप्रकाश पट्टा लावलेल्या मानेने बाजूला झाला, पूर्ण अंग वळवून, कारण नुसती मान वळत नव्हती.

दुपार टळेपर्यंत कमोड बसला, दांडी लागली. जुना दरवाजा भिंत पाडताना मोडला होता, नवीन आणायला लागणार होता. "आणि ह्येच्यावर उद्यापर्यंत बसा नको," बाळा हात धुता धुता बोलला. "सिमेंट ओला असा. दरवाजो परवा आणतंय. नक्की."

काका आंघोळ न करताच पवईला निघाले.

दार मनालीने उघडलं. काकांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, केसात सिमेंट, सदऱ्यावर काळं औषध. "आई," तिने आत हाक मारली, "बाबा आलेत." आणि मग काकांना हळू आवाजात बोलली, "आज येताय होय. मी तिला किती वेळा म्हटलं, चल, मी गाडीने सोडते. नाही म्हणाली. ते न्यायला येतील म्हणाली. समोरच्या आजींना पण तेच सांगत होती. नंतर नंतर खाली बागेत जायचंच बंद केलं, त्या विचारतात म्हणून."

काकांनी चप्पल दाराबाहेरच काढली.

काकी हॉलमध्ये आल्या. काठी नव्हती हातात. पाय जरा ओढत होत्या, पण चालत होत्या, आणि त्यांना असं चालताना काकांनी बघितलंच नव्हतं हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं असणार.

"इतके दिस खय होतात?" काकी बोलल्या.

"बाथरूम करत होतंय."

"माका वाटला, तुमका एकट्याक बरा पडता."

"माका वाटला, तुका हय बरा पडता. भायर येवकच नको वाटता, बोललंस ना."

काकींना ते आठवतच नव्हतं. आठवायला थोडा वेळ लागला, आणि मग त्या अशा हसायला लागल्या की सोफ्याचा हात धरून बसावं लागलं. "बाथरूमावरना?" परत परत विचारत होत्या. "त्या बाथरूमावरना?"

"हसा नको," काका बोलले. "चल घराक."

हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बोललेलं वाक्य. चल म्हणायची वेळच कधी आली नव्हती.

"आई, एवढं हसू नको," मनाली आतून बोलली, पण तीही हसत होती.

"थांबा," काकी उठल्या. "आंघोळ करून येतंय."

"आता?"

"आता. गरम पाण्यान. परत कधी मेळतला."

आत गेल्या आणि दार लावलं. पाणी सुरू झालं. काका सोफ्याच्या कडेला बसले, कपडे मळलेले म्हणून. चैतन्य ऑफिसातून आला, सासऱ्यांना बघून मोबाईल खिशात टाकला, बाजूला बसला. पाणी चालूच. घरी असतं तर काका आतापर्यंत दोनदा ओरडले असते, आवर, पाणी जायत. इथे पाणी जात नव्हतं. काकी खुशाल त्या काचेच्या कपाटात उभ्या होत्या. आपल्या घरी हे सुख नाही, कधी नसणारच, हे काकांना तिथे बसून नीट कळलं, आणि ते तसंच गिळायला लागलं. चैतन्यने विचारलं, "बाबा, तुमचं बाथरूम कसं झालं?" काका बोलले, "झालं."

बऱ्याच वेळाने काकी बाहेर आल्या. चेहरा लाल, केस ओले, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई अशी ताजी दिसू शकते हे काकांना माहीत नव्हतं. ते बघतच राहिले, मग लेक समोर आहे म्हणून खाली बघितलं.

रिक्षा मिळाली. मनालीने पिशव्या आत ठेवल्या. काकींचा पाय नीट वळत असला तरी लांब ठेवलेला बरा पडतो, म्हणून काका एका टोकाला जाऊन बसले. तलाव मागे गेला. पवईचा चढ संपला. मग काकींनी विचारलं, "झाला काय?"

काकांनी तोंडात आलेलं "होय" परत आत ढकललं. "कमोड बसलोहा. उद्यापर्यंत त्याच्यावर बसूचा नाय. आज माधुरीकडे जावचा लागतला."

"बरा."

"दांडी लावलंय. लादी खरबरीत असा."

"बरा."

"दरवाजो नाय."

काकींनी त्यांच्याकडे बघितलं. "बाथरूमाक दरवाजो नाय?"

"मोडलो. भिंत पाडली ना. मग परत बांधली. ती मोठी गोष्ट असा."

"दरवाज्याशिवाय मी आत जाऊ कशी?"

"मी भायर उभो रवान," काका बोलले. "पाठ करून."

"किती दिस?"

"बाळो दरवाजो घेऊन येयपर्यंत."

"म्हणजे जन्मभर," काकी बोलल्या, आणि पाय आणखी थोडा लांब करायचा होता म्हणून त्यांना अजून जरा सरकायला सांगितलं.